लिफ्ट वगळून केलेलं गाणं

आमच्या घरात विशेषणांना बंदी होती. वडील युनियनचं काम करायचे आणि साकीनाक्याच्या एका छोट्या छापखान्यातून पत्रकं छापून आणायचे. घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या आमच्या खोलीत पत्रकांचे गठ्ठे पलंगाखाली असायचे, कपाटावर असायचे, एकदा तर रिकाम्या पिठाच्या डब्यात सापडले. पाहुणे आले की आई त्यांना गठ्ठ्यावर चादर घालून बसवायची. मी अक्षरं ओळखायला शिकले ती मागण्यांच्या मोठ्या टायपावर.

पत्रक कसं लिहायचं, याबद्दल वडिलांचं म्हणणं पक्कं होतं. काय झालंय ते सांगायचं. काय हवंय ते सांगायचं. शेवटी कधी आणि कुठे जमायचं ते सांगायचं. मी कॉलेजात गेल्यावर उत्साहाने 'भीषण पाणीटंचाई' असं लिहून दिलं, तर त्यांनी 'भीषण' खोडलं.

"नळाला पाणी नाही, एवढं लिही. ज्याच्या नळाला नाही त्याला ते भीषण आहे हे माहीत असतं. ज्याच्या नळाला आहे, त्याला तू भीषण म्हटलंस म्हणून तहान लागणार नाही."

हे आधीच सांगते, कारण पुढे मी बरीच चिडणार आहे आणि ते कुठून येतं हे वाचणाऱ्याला कळलेलं बरं.

शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसणारा मुलगा आता रॅपर आहे. आमच्याच गल्लीतला. सामाजिक प्रश्नांवर गातो म्हणून त्याचं नाव आहे; अंधेरीत एका इमारतीच्या तळघरात त्याचा स्टुडिओ आहे आणि पवईच्या कॉलेजातली पोरं त्याच्या ओळी टी-शर्टवर घालून फिरतात. मला तो 'कॉम्रेड' म्हणतो, त्यातही टोमणा असतोच. मला त्याचा राग नाही. त्याच्या भाषेचा राग आहे.

त्याच्या गाण्यात सगळं काही 'सिस्टिम' करते. पाणी सिस्टिम तोडते, घर सिस्टिम पाडते, नोकरी सिस्टिम खाते. सिस्टिमचा पत्ता विचारला तर कुणालाच देता येत नाही. आमच्या पत्रकात कोणतं ऑफिस, कितवा मजला, कोणती खिडकी हे असायचं. म्हणून तर माणसं खरंच तिथे जाऊन उभी राहायची. याच्या गाण्यात 'मी' म्हणजे अख्खी वस्ती, 'ते' म्हणजे उरलेलं जग, आणि मधल्या भागात राख, धूर, पिंजरा, आग. एकाही कडव्यात नळ नाही, संडास नाही, रेशनचं दुकान नाही. मराठीत सुरू झालेली ओळ हिंदीत वळते आणि इंग्रजीत जाऊन आपटते, तिथे टाळी पडते. मी त्याला हे तोंडावर सांगत आलेय. तो हसतो. "तू गाणं ऐकत नाहीस गं, तपासतेस."

तर, माझी मावशी.

मावशी आणि काका पूर्वी आमच्याच शेजारी राहायचे. रस्ता रुंद करताना त्यांची वस्ती उठली आणि त्यांना माहुलला एका इमारतीत सातव्या मजल्यावर खोली मिळाली. बाजूला तेलाचे कारखाने, त्यांचा वास आहेच. वासाबद्दल खूप जणांनी लिहिलंय. पण त्या घरातला रोजचा प्रश्न वास नव्हता, लिफ्ट होती. ती बंद पडली ती पडलीच. काका तरुणपणी गिरणीत होते, पुढे साकीनाक्याला लेथवर. आता गुडघे गेलेत, दम लागतो. लिफ्ट बंद झाल्यापासून ते घराखाली उतरले होते फक्त दवाखान्यात जायला, तेही खुर्चीत बसून, शेजारच्या चौघांच्या खांद्यावर. परत वर आणताना त्या चौघांची तोंडं बघून काकांनी सांगून टाकलं, यापुढे मरायला टेकलो तरच बोलवा.

त्यांना फार काही नको होतं. खाली उतरून न्हाव्याकडे जायचं होतं. न्हावी सात मजले चढायला तयार नव्हता, त्यामुळे मावशीच त्यांचे केस कापायची, आणि मावशीचा हात शिवणकामाचा. एका बाजूला टोप, दुसऱ्या बाजूला कातरलेलं गवत. काका आरशाकडे पाठ करून बसायचे.

मी पत्रक लिहिलं. वडिलांच्या शिस्तीत. इमारतीची लिफ्ट बंद आहे. आजारी आणि म्हातारी माणसं वर अडकली आहेत. लिफ्ट सुरू करा. देखभाल ऑफिसचे साहेब येणार आहेत. शनिवारी सकाळी दहा वाजता टाकीखाली या. टाकी म्हणजे आवारातली पाण्याची उंच टाकी, तिच्या सावलीत शंभर माणसं सहज बसतील. त्या शनिवारी मोजक्या बायका आल्या आणि एक कुत्रा. साहेब आलेच नाहीत.

मावशीने नेट लावला तो वेगळ्याच ठिकाणी. "गो, तुझो तो गाणी म्हणणारो मित्र. त्याका सांग, लिफ्टीचा गाणा कर. पोरां त्याचा ऐकतत."

मी म्हटलं, मावशी, तो लिफ्टवर गाणार नाही. त्याला लिफ्टपेक्षा मोठं काहीतरी लागतं.

"लिफ्टीपेक्षा मोठा काय आसा मेल्याक? माज्या घोवाक खाली आणूचा आसा, बस."

मी त्याला घेऊन गेले. हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं की एका फोनवर तो आला, कॅमेरावाला न घेता आला, आणि सातही मजले चढला. चौथ्यावर बसला, "वाट लागली यार" म्हणाला, पुन्हा उठला. वर आल्यावर खिडकीच्या कट्ट्यावर जाऊन बसला. तिथून टाकी दिसते, पलीकडे कारखान्यांच्या चिमण्या. मावशीने चहा दिला. काका पलंगावर होते. मी माझं पत्रक पुढे केलं, म्हटलं सगळं यात आहे.

पत्रक काकांनी घेतलं. त्यांनी ते त्याआधी पाहिलंच नव्हतं; वरच्या मजल्यांवर वाटायला कुणी गेलं नव्हतं. चष्मा नाकावर ओढून त्यांनी शेवटची ओळ वाचली आणि ते हसायलाच लागले. खोकत, गुडघ्यावर थाप मारत.

"शनिवारी सकाळी दहा, टाकीखाली या. टाकीखाली या, म्हणे! अगं, टाकीखाली येता आलं असतं तर पत्रक कशाला लागलं असतं?"

लिफ्ट बंद म्हणून अडकलेल्या माणसांना मी खाली सभेला बोलावलं होतं. छापखान्यातल्या माणसापासून माझ्या वडिलांपर्यंत, कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. आमच्याकडे सभा नेहमी खालीच होते.

काकांना मात्र ती ओळ फारच आवडली. पुढे तासभर, मावशी काही बोलली की ते मध्येच, थाप मारत, "शनिवारी सकाळी दहा, टाकीखाली या, टाकीखाली या." मावशी म्हणाली, भाजीला काय करू; "टाकीखाली या." रॅपर त्यांच्याकडे टक लावून बघत होता. मग त्याने मोबाइल काढून ते रेकॉर्ड केलं. मला वाटलं, चला, याला लिफ्ट समजली.

पुढच्या आठवड्यात त्याने स्टुडिओत बोलावलं. दुपारची वेळ, एसी इतका जोरात की मी ओढणी गुंडाळून बसले. त्याने गाणं लावलं.

श्वास माझा गहाण रे, धूर माझा भाऊ,
सिस्टिमच्या पिंजऱ्यात आम्ही कुठे जाऊ.

आणि मग खाली ढोलासारखा ठोका, त्यावर घोगरा, थाप मारणारा आवाज: शनिवारी सकाळी दहा, टाकीखाली या, टाकीखाली या.

माझ्या अंगावर काटा आला. हे मी त्याला सांगितलं नाही. त्याऐवजी विचारलं, "लिफ्ट कुठाय?"

"भावनेत आहे ना. पिंजरा."

"पिंजऱ्याला बटण नसतं रे. लिफ्ट. बंद पडलेली लिफ्ट. एकदा तरी म्हण."

"लिफ्ट हा शब्द मेलेला आहे गं. बीटवर टाकून बघ." त्याने खरंच बीट लावला आणि माइकमध्ये म्हणाला, "लिफ्ट, लिफ्ट, लिफ्ट." उचकी लागल्यासारखं वाटलं. कंट्रोल सांभाळणारा मुलगा हसला. "आणि यमक काय? गिफ्ट? दिवाळीची जाहिरात होईल."

"धूर तुझा भाऊ आहे? काकांना विचार, धूर कोण लागतो त्यांचा."

"कॉम्रेड, ऐक. पत्रक डोक्यात जातं आणि तिथेच बसतं. गाणं अंगात जातं. माणूस आधी नाचू दे, मग विचार करेल."

"मग विचार कशाचा करेल, लिफ्ट गाण्यातच नाहीये तर?"

"तू प्रत्येक गोष्टीची तक्रार नोंदवतेस यार. मी काय वॉर्ड ऑफिस आहे?"

मी एवढंच विचारलं की शनिवारची ओळ का ठेवलीस, ती तारीख केव्हाच गेली. तो म्हणाला, कुठला शनिवार, ते कुणाला माहीत नाही, म्हणून तर ती भारी वाटते. कुणीतरी कुणाला तरी कुठेतरी बोलावतंय. मी म्हटलं, कुणीतरी म्हणजे मी, कुणाला तरी म्हणजे काकांना, आणि कुठेतरी म्हणजे माहुलला. तो म्हणाला, झकास, पण हे सांगितलं की मजा जाते.

मी निघून आले. बसमध्ये चढेपर्यंत ती ओळ माझ्याच तोंडात होती आणि मी दात आवळून बसले.

गाणं आलं आणि चाललं. इतकं की मला शहरात फिरणं अवघड झालं. बोरिवलीच्या जिममधून, मुलुंडच्या मॉलमधून, रिक्षातून, हळदीच्या मांडवातून काका ओरडत होते, टाकीखाली या. खुद्द काकांना मावशीने फोनवर ऐकवलं, तर ते म्हणाले, माझा आवाज बरा आहे, पण मी हसत होतो ते का काढलं? अंधेरीत एका चर्चेला गेले, विषय होता संगीत आणि समाज. तिथल्या एका बाईंनी सांगितलं की या गाण्यातली टाकी हे सामूहिक स्मृतीचं रूप आहे. मी हात वर केला.

"ती टाकी आहे," मी म्हटलं. "पाण्याची. तिला गळती आहे."

लोक हसले. त्यांना वाटलं मी गाण्याला दाद देतेय.

मग एका शनिवारी मावशीचा फोन. "गो, ही कोण पोरां इली हत? खाली नाचतत."

कुणीतरी शोधून काढलं होतं की टाकी कुठली. आणि पोरं गाण्यात सांगितल्याप्रमाणे शनिवारी सकाळी दहाला टाकीखाली हजर झाली होती. पुढच्या शनिवारी आणखी आली. चेंबूरहून, घाटकोपरहून, एक टोळी थेट ठाण्याहून. मी पोचले तेव्हा टाकीखाली माझ्या सभेला कधी जमली नव्हती इतकी माणसं होती. रंगीत चष्मे घातलेली, मोबाइल काठीला लावलेले. माझ्या पिशवीत उरलेली पत्रकं होती, ती मी वाटायला लागले. काय करणार, सवय. एका मुलीने ते घेऊन वारा घातला. एका मुलाने ते हातात धरून नाचाचा व्हिडिओ केला, कारण कागद हलला की छान दिसतो. वाचलं कुणीच नाही. मी एकाला थांबवून सांगितलं, "अरे, इथली लिफ्ट बंद आहे." तो म्हणाला, "दीदी, एक मिनिट, ड्रॉप येतोय," आणि ठोका पडताच नाचायला लागला.

मी रॅपरला फोन केला आणि सगळा राग काढला. तो हसत होता. "ऑर्गॅनिक आहे यार! मी एक रुपया नाही लावला."

"लिफ्ट गाण्यात घातली असतीस तर ही पोरं आज लिफ्टबद्दल बोलत असती."

"लिफ्ट घातली असती तर ही पोरं आलीच नसती."

मी फोन कापला.

मावशी एवढ्यात खाली उतरली होती. सात मजले, हातात पिशवी, कपाळावर घाम. तिने गर्दीकडे पाहिलं, माझ्या हातातल्या पत्रकांकडे पाहिलं, आणि मला बाजूला सारून सरळ त्या पोरांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"मेल्यांनो, हय खाली काय नाचतास? गाणा वरचा आसा."

"मतलब, आंटी?" काठीवाल्या मुलीने विचारलं.

मावशी मुंबईच्या भाषेत आली. "ज्यानं गाणं केलं तो वर आमच्या घरात बसला होता. सातव्या मजल्यावर, खिडकीत. आणि टाकीखाली या कोण म्हणतं त्यात? आमचे हे. वर आहेत, पलंगावर. भेटायचंय?"

एकदम आरडाओरडा. ओरिजिनल आवाज! सगळे इमारतीत घुसले आणि लिफ्टसमोर उभे राहून बटण दाबायला लागले.

"आंटी, लिफ्ट?"

"बंद आसा," मावशी म्हणाली. "चला."

त्या दिवशी त्या जिन्यात जे झालं ते मी कुठल्याच पत्रकात लिहू शकले नसते. पोरं गात गात चढायला लागली. दुसऱ्या मजल्यापर्यंत जोरात. तिसऱ्यावर ओळ अर्धी. पाचव्यावर नुसतं "टाकी..." आणि धाप. कुणी पायरीवर बसलं, कुणी कठड्याला लटकलं, आणि हातातले मोबाइल सगळ्यांचे चालू. मावशी मागून, "उठ रे, ह्या वयात ह्यो दम? आमची म्हातारी चढतत." वर काका दारात खुर्ची टाकून बसले होते, डोक्यावर मावशीने कापलेलं ते गवत. प्रत्येकाला तांब्यातून पाणी देत होते.

"काका, आप नीचे क्यों नहीं आते? गाने में तो सबको बुलाते हो," ठाण्याच्या एका मुलाने विचारलं.

"तू आत्ता चढलास ना? आता तुझ्या गुडघ्यात माझे गुडघे घाल, आणि उतरून दाखव."

तो मुलगा मागे वळून जिन्याकडे बघत राहिला.

पुढच्या शनिवारपासून खेळच झाला. गाणं न थांबवता सातव्या मजल्यापर्यंत कोण पोचतं. कुणीच पोचत नव्हतं. प्रत्येक व्हिडिओ बंद लिफ्टच्या दारापासून सुरू व्हायचा, कारण चढायला सुरुवात तिथूनच. दारासमोर साठलेला कचरा, सैल होऊन लटकणारा बटणांचा पत्रा, सगळं त्यात यायचं. व्हिडिओखाली लोक विचारायला लागले, ह्यांची लिफ्ट बंद का आहे? हा प्रश्न मी कितीतरी महिने विचारत होते, चांगल्या मराठीत, पूर्णविरामासकट. रॅपरने त्यातला एक व्हिडिओ पुढे पाठवला आणि वर लिहिलं: माझ्या गाण्याचा खरा अर्थ. मी तो मेसेज वाचला तेव्हा भाकरी थापत होते. भाकरी जळली.

मग एका सकाळी दुरुस्तीची माणसं आली, लिफ्टचं दार उघडून आत शिरली, दोनतीन दिवस ठोकाठोक केली. देखभाल ऑफिसने सांगितलं, काम आधीच ठरलेलं होतं. असेलही. वडिलांना मी सगळी हकिकत सांगितली. मला वाटलं, ते गाण्यावर काहीतरी बोलतील. त्यांनी माझं पत्रक मागून घेतलं, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे मीच बघायला हवं होतं." आणि पेनने 'टाकीखाली' खोडून त्यावर 'सातव्या मजल्यावर' लिहिलं. आता काय उपयोग, पण लिहिलं.

लिफ्ट सुरू झाल्यावरच्या शनिवारी मी तिथे होते. काका खाली उतरले. लिफ्टमधला दिवा लुकलुकत होता आणि मावशी एका हाताने त्यांना आणि दुसऱ्या हाताने लिफ्टची भिंत धरून उभी होती. ते आधी न्हाव्याकडे गेले. तासाभराने आले ते डोकं एकसारखं कापून, कानामागे पावडर लावून. काठी टेकत टाकीच्या सावलीत येऊन उभे राहिले आणि वर आपल्या खिडकीकडे बघायला लागले.

टाकीखाली नवी पोरं होती. त्यांना जिना माहीत नव्हता, आणि आता चढायची गरजही नव्हती. मोबाइलमध्ये काकांचा आवाज लागला, ठोका पडला. एक मुलगी धावत आली.

"काका, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय."

मी पुढे झाले. तोंडात आलेलं सगळं तिला ऐकवणार होते; आवाज कुणाचा, लिफ्ट कुठली, आणि ती कुणाच्या जागेवर उभी आहे ते. काकांनी काठी आडवी धरून मला थांबवलं.

"एवढे दिवस बोलावताय," ते त्या मुलीला म्हणाले. "आता आलोय, तर बाजूला व्हा म्हणता?"

आणि ते तिथून हलले नाहीत.